मूठभर वरी

साप्पोरो,
१४ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप सिंधूमावशी,

एवढ्या लांबून वाकले तर कुणाला दिसणार नाही, पण वाकले आहे. नमस्कार.

तुमच्या भाच्याची पुन्हा बदली झाली. आता आम्ही जपानच्या पार वरच्या टोकाला. तोक्योत हिगाशी-कसाईला निदान तीन मराठी घरं होती, संक्रांतीला कुणाच्या तरी हातावर तीळगूळ ठेवता यायचा. इथे मी, स्वानंद आणि आत्तापासूनच सुरू झालेला बर्फ. तुमचा भाचा कॉम्प्युटरला चिकटला की संध्याकाळीच सुटतो. महिनाभर भिंतींशी बोलून झाल्यावर मी बाइतो धरला, म्हणजे अर्ध्या दिवसाची नोकरी. घराजवळ एका सिमेंट कंपनीचं होस्टेल आहे, तिथल्या स्वयंपाकघरात मी भाज्या चिरते, भात लावते, ताटं वाढते आणि घासते. मासळीला हात लावत नाही हे त्यांनी निमूट मान्य केलंय.

आता गंमत ऐका. या होस्टेलात राहतात ते उड्या मारणारे. कंपनीने स्की-जंपिंगचा संघ ठेवलाय. डोंगरावर मनोरा असतो. पायांना अडीच मीटरच्या पट्ट्या बांधून त्यावरून घसरत यायचं, टोकाला आलं की हवेत झेप घ्यायची आणि शंभर मीटर पुढे जाऊन दोन पायांवर उतरायचं.

त्यांच्यातला एक सेगावा, इथे मान देऊन सेगावा-सान म्हणतात, एकोणतीस वर्षांचा. दोनदा देशाचा विजेता. होस्टेलच्या दारात त्याचा माणसाएवढा फोटो आहे. पण तो जिंकायचा तेव्हा हवेत दोन्ही पट्ट्या जोडून ठेवायची पद्धत होती. आता पोरं त्या पुढून फाकवतात आणि कितीतरी लांब जातात. त्याला सगळं नव्याने शिकावं लागतंय आणि तो संघात शेवटून दुसरा आहे. प्रशिक्षक म्हणतात, एक किलो कमी कर, दोन मीटर लांब जाशील. म्हणून तो अर्धं ताट टाकतो आणि मग भुकेने त्याचे हात कापतात.

मला राहवलं नाही. माझ्या मोडक्या जपानीत मी त्याला तुमच्याबद्दल सांगितलं, की आमच्या सातारच्या मावशी बारा महिने एकवेळ जेवतात आणि दर सोमवारी निरंकार यवतेश्वरचा डोंगर चढतात. त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या. वय किती, म्हणाला. मी म्हटलं, एकसष्ट. मग म्हणाला, त्यांना विचारा, हे कसं करतात.

तर सांगा.

तुमची,
अनघा


सातारा,
२ डिसेंबर १९९३

चि. अनघा,

आशीर्वाद घे, हातचं न राखता देते आहे.

तुझं पत्र वाचून हसावं की देव्हाऱ्यापुढे जाऊन बसावं कळेना. छत्तीस वर्षं कन्याशाळेत भूगोल शिकवला, साप्पोरो नकाशावर काठीने दाखवला, आणि तिथला गडी मला उपास कसा करायचा विचारतोय. इथे आमच्या आळीत कुणी विचारत नाही. तुझ्या सासूबाई तर माझ्या उपासाला उपद्व्याप म्हणतात.

त्या उडणाऱ्या बाबाला सांग, ताट अर्धं टाकणं म्हणजे उपास नव्हे, ती अन्नाची विटंबना. मुळात कमी वाढून घ्यायचं. सकाळी गरम पाणी. दुपारी एकदाच, मूठभर वरी शिजवून. साबुदाणा नको, तो उपासाचं ढोंग करणाऱ्यांसाठी. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. पहिले एकवीस दिवस जड जातात, पुढे अंग हलकं होतं.

आणि सगळ्यात मोठा नियम. भूक लागली की ती कुणाला सांगायची नाही. आईला नाही, डॉक्टरला नाही. सांगितली की तिला तोंड फुटतं आणि मग ती ऐकत नाही. मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

शमा रोज सकाळी डोकावून जाते. माझी जुनी विद्यार्थिनी, आता कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे काम करते. बाकी ठीक. स्वानंदला म्हणावं मावशीला चार ओळी लिहिल्या तर बोटं झडत नाहीत.

सिंधूमावशी


साप्पोरो,
२३ जानेवारी १९९४

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. तुमचं पत्र मी त्याला शब्दाशब्दाने सांगितलं. त्याने ते वहीत उतरवून घेतलं. भुकेचा नियम लिहिल्यावर त्याने पेन टेकवला आणि म्हणाला, हे बरोबर आहे, आम्हीही बर्फावर असंच करतो. थंडी वाजते म्हणायचं नाही.

तुम्ही शिक्षिका होता हे कळल्यापासून तो तुम्हाला सिंधू-सेन्सेई म्हणतो. इथे हा शब्द मान खाली घालून उच्चारतात. वरी इथे मिळत नाही, म्हणून सध्या ज्वारीसारखं काहीतरी शिजवून देते. त्याला तुमचा फोटो हवाय, डोंगर चढतानाचा. मागायला लाजत होता. शेवटी भांडी पुसायला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा कळलं.

आठ दिवसांत दोन किलो उतरला आहे. काल नेहमीपेक्षा सात मीटर लांब गेला. प्रशिक्षकांनी पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली.

अनघा


सातारा,
१० फेब्रुवारी १९९४

चि. अनघा,

स्वानंदच्या ऑफिसातला प्रताप सुट्टी संपवून तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर दोन किलो वरी आणि फोटो पाठवते. यवतेश्वरच्या पायऱ्यांवरचा आहे. पदर खोचलेला आहे, त्याबद्दल जपानी माणसाने गैरसमज करून घेऊ नये.

सेन्सेई हा शब्द मी शमाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. निवृत्त झाल्यापासून माझ्या नावापुढे कुणी काही लावलं नव्हतं. भाजीवालाही हल्ली ‘म्हातारे’ म्हणतो.

त्याला सांग, जिंकलास की मला कळव. मी यवतेश्वराला नारळ फोडीन.

सिंधूमावशी


साप्पोरो,
६ मार्च १९९५

तीर्थरूप मावशी,

नारळ फोडा.

जानेवारीतल्या भूकंपाची काळजी करू नका, तो आमच्यापासून फार लांब झाला हे मागच्या कार्डात लिहिलंच होतं. आज लिहायचं ते वेगळंच. काल मोसमातली शेवटची मोठी स्पर्धा होती आणि सेगावा-सान पहिला आला. वर्षभर तुम्ही पाठवत राहिलेली वरी खाऊन तो माणूस बासष्ट किलोंवरून त्रेपन्नवर आला. काल मी आणि स्वानंद पायथ्याशी उभे होतो. तो टोकावरून सुटला आणि खाली यायचं विसरल्यासारखा हवेत पडून राहिला. मावशी, मी चक्क ओरडले. शेजारची जपानी बाई दचकली.

वर्तमानपत्रवाल्यांनी विचारलं, तीस ओलांडल्यावर हे कसं जमलं. त्याने हेल्मेट उलटं करून दाखवलं. आत चिकटपट्टीने तुमचा फोटो चिकटवलाय. म्हणाला, या माझ्या शिक्षिका. या त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, एकवेळ जेवतात आणि दर आठवड्याला डोंगर चढतात. मग मी कोण लागून गेलो.

संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन त्याने मला विचारलं, भारत कुठल्या बाजूला. मी अंदाजाने फ्रीजकडे बोट दाखवलं. तो फ्रीजकडे तोंड करून कमरेत वाकला.

वर्तमानपत्राचं कात्रण जोडते आहे.

अनघा


सातारा,
२७ मार्च १९९५

चि. अनघा,

कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं. जपानी वाचता येत नाही, पण हेल्मेटात मी आहे हे भिंग लावून दिसतं. सगळ्या आळीला दाखवून झालं. तुझ्या सासूबाईंना मुद्दाम चहाला बोलावलं. त्यांचं तोंड पाहण्यासारखं होतं.

आयुष्यभर मुलींना नद्या आणि पर्वत शिकवले, एकीलाही ते आठवत नसतील. पण हा एक विद्यार्थी मिळाला. आता थांबू नको म्हणावं. वरी आणखी पाठवते.

सिंधूमावशी


साप्पोरो,
१७ डिसेंबर १९९५

तीर्थरूप मावशी,

नमस्कार. एवढे महिने नीट पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. आज लिहिलंच पाहिजे.

सेगावा-सान एकोणपन्नास किलोंचा झाला आहे. उकळत्या भाताच्या पातेल्याशी दोन स्वेटर घालून उभा राहतो आणि तरी कुडकुडतो. त्याच्या उशीवर केस सापडतात, हे खोल्या झाडणाऱ्या बाईने सांगितलं. परवा बुटाची नाडी बांधताना वाकला आणि तिथेच आडवा झाला. उठून म्हणाला, पाय घसरला. कोरड्या फरशीवर, मावशी.

कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलंय, हा मोसम सोड, तीनदा जेव. सोडला तर संघातली जागा गेली. मग कंपनी त्याला सिमेंटच्या गोण्यांच्या ऑफिसात टेबलावर बसवणार, आणि टेबलावर बसलेला माणूस परत मनोऱ्यावर जात नाही. तो काही ठरवत नाही. काल मला म्हणाला, सेन्सेईंना विचारा. त्यांना चक्कर येते का, केस गळतात का. त्या सांगतील तसं मी करीन.

म्हणून सरळच विचारते. तुम्हाला असं होतं का? झालं असेल तर लिहा. तुम्ही थांब म्हणालात तर तो थांबेल, दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही.

अनघा


सातारा,
२ जानेवारी १९९६

चि. अनघा,

तुझं पत्र पोचलं. घाबरू नकोस, तूही आणि तोही.

चक्कर येते. पहिली दोन-तीन वर्षं येते, मग शरीर शरण येतं. मला आता काही होत नाही. केस तर माझेही गळले, म्हातारपणी कुणाचे गळत नाहीत. डॉक्टर खा म्हणूनच सांगणार, ते त्यांचं काम आहे.

इतकं कमावल्यावर सोडायचं का, हे त्याने स्वतःच्या मनाला विचारावं. मी इथे माझा नेम चालवते आहे. कालच यवतेश्वर करून आले.

सिंधूमावशी


साप्पोरो,
१३ फेब्रुवारी १९९६

मावशी,

तुमचं पत्र बारा जानेवारीला आलं. मी त्याला वाचून दाखवलं. त्याच दिवशी त्याने प्रशिक्षकांना सांगितलं की तो स्पर्धेत उतरणार.

परवा रविवारी स्पर्धा होती. तो वर आडव्या दांडीवर बसला होता. हिरवा दिवा लागला, त्याने हात सोडले. टोकाशी पोचल्यावर गुडघे सरळ करून झेप घ्यायची असते. त्याचे गुडघे सरळ झालेच नाहीत. बसल्यासारखाच तो टोकावरून खाली गेला. तो पडला म्हणजे काय झालं हे तुम्हाला लिहीत नाही. मांडीचं आणि कमरेचं हाड मोडलंय. पण डॉक्टर हाडांबद्दल बोलतच नाहीत. ते म्हणतात, याचं हृदय उपासमारीतल्या माणसासारखं लहान झालंय. त्यांनी त्याच्या आईला विचारलं, तुमच्या घरी खायला नव्हतं का? ती कोळ्याची बायको आहे, लांबच्या किनाऱ्यावरून आली. तिने नुसतं तोंडावर रुमाल धरला.

मला तुमच्यापाशी एक सांगायचंय. वर्षभर प्रशिक्षक मला विचारायचे, सेगावा जेवतो ना? मी हो म्हणायचे. त्याच्या वाट्याचं मी स्वतः गुपचूप, इथे वेगळा काढतात त्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घालायचे, वरून भाज्यांची सालं. कचऱ्याची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, तोवर माझा जीव टांगणीला. भूक कुणाला सांगायची नाही हा तुमचा नियम होता ना. तो मीही पाळला.

तो शुद्धीवर आहे. ताट समोर आलं की मान फिरवतो. मला विचारलं, सेन्सेई माझ्यासाठी उपास करताहेत का?

काय सांगू?

अनघा


सातारा,
२४ फेब्रुवारी १९९६

अनघा,

हे पत्र त्याला वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस.

मी उपास करत नाही. ब्याण्णवच्या दिवाळीपासून केलेला नाही. त्या वर्षी यवतेश्वरच्या वाटेवर मी चक्कर येऊन पडले. शमाने दवाखान्यात नेलं. साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, बाई, आता तीनदा वेळेवर जेवायचं, नाहीतर एक दिवस उठणार नाही. तेव्हापासून मी जेवते. सकाळी नाश्ता, दुपारी दोन भाकरी, रात्री परत. सोमवारी यवतेश्वरला जाते ती जीपने. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात भाकरीचा तुकडा होता. हात धुतले आणि तुला उत्तर लिहिलं.

फोटो चौऱ्याऐंशी सालचा आहे.

तुझं डिसेंबरचं पत्र आलं तेव्हा शमा समोरच होती, माझ्या बोटातून रक्त काढत होती. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बाई, आता तरी खरं लिहा.’ लिहिते म्हटलं. ती गेली, मी कागद घेतला आणि भिंतीवरच्या त्या कात्रणाकडे बघितलं. मला नवरा नाही, मूल नाही, शाळाही संपली. सिंधू उपास करते एवढीच माझी ओळख होती. ती गेल्यावर मी कोण, हे मला कळेना. तेवढ्यासाठी मी एका माणसाला मरणाच्या दांडीवर बसवलं. मला हे माहीत होतं, अनघा. अजाणता केलं असं मी म्हणणार नाही.

सेगावा, तुझी सेन्सेई खोटी आहे. तिला भूक लागते आणि ती पोटभर जेवते. तू जेव. भूक लागली की ओरडून सांग. माझी आज्ञा समज. माझी आज्ञा तू आजवर मोडली नाहीस.

सिंधू


साप्पोरो,
९ मार्च १९९६

मावशी,

तो चार तारखेला सकाळी गेला. झोपेतच हृदय थांबलं. तुमचं पत्र पाच तारखेला आलं.

मी ते जिन्यात उभी राहून वाचलं. तुमचा मला इतका राग आला की पत्र फाडायला घेतलं होतं. मग ती कचऱ्याची पिशवी आठवली आणि हात थांबला. राग अजून आहे, आणि तो तुमच्या एकटीवर नाही. स्वानंदला मी काहीच सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय मी ओळखीचा माणूस गेला म्हणून रडते.

सहा तारखेला त्याला निरोप दिला. इथे उशाशी भाताचा वाडगा ठेवतात आणि त्यात चॉपस्टिक उभ्या खोचतात. तो भात त्याच्या आईने स्वतः वाढला. शिगोशीग भरला, हाताने दाबला आणि वर परत घातला. त्या वाडग्याएवढा भात तो महिनाभरात खात नसेल. मी समोर बसून ते बघत होते. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. एक शब्द गाळू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं. कुणाला वाचून दाखवणार होते मी?

संघातली मुलं पेटीत काही काही ठेवत होती, त्याचा सदरा, पत्रं. एकाने हेल्मेटातून सोडवून तुमचा फोटो आणला होता. आईने त्याचा हात धरला. जिवंत माणसाचा फोटो मेलेल्याबरोबर जाळत नाहीत, तो माणूसही मागोमाग ओढला जातो, असं इथे मानतात. तिने फोटो माझ्याकडे दिला, दोन्ही हातांनी. म्हणाली, ‘या बाईंमुळे माझा मुलगा शेवटचा एकदा जिंकला. त्यांना सांगा, पुष्कळ वर्षं जगा.’

मी वाकून हो म्हटलं. खरं सांगायला तोंड उघडलंच नाही.

फोटो सोबत पाठवते आहे. मागे चिकटपट्टीचे चार डाग आहेत. गरम पाण्याचा बोळा लावून पाहिला, ते निघत नाहीत.

अनघा